सरण रचलं ते शिकलेल्यांनी

युरोपातल्या चेटकिणींच्या शिकारीचा विषय निघाला की मराठी चर्चेत दोन बाजू ठरलेल्या असतात. एक बाजू म्हणते, मध्ययुगात चर्चने ९० लाख बायका जिवंत जाळल्या. अज्ञानाच्या अंधारात बुडालेल्या समाजाकडून दुसरं काय होणार, विज्ञान आलं आणि सरणं विझली. दुसरी बाजू तेवढ्याच आवेशाने सांगते, की हा सगळा चर्चविरोधी प्रचार आहे, शिक्षा दिल्या त्या राजांच्या न्यायालयांनी, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या चौकशी न्यायालयाने, तर उलट लोकांना वाचवलं. मग कोणी गोवा काढतो, कोणी सती काढतो, आणि मूळ विषय जिथल्या तिथे राहतो. माझं म्हणणं असं की ९० लाखांचा आकडा खोटा आहे, मध्ययुग हा काळही बहुतांशी चुकीचा आहे, आणि हे दोन्ही मान्य केल्यावर चर्चवरचा आरोप हलका होत नाही, नेमका होतो. अडाणी जमाव फार तर एका गावातल्या एका म्हातारीला मारतो. हजारो माणसं रीतसर मारायची तर विद्यापीठं लागतात, कायद्याची पुस्तकं लागतात, छापखाने लागतात आणि जबाब उतरवून घेणारे पगारी कारकून लागतात.

आधी आकड्याचा निकाल लावू. जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग गावच्या गोटफ्रीड ख्रिस्तियान फोग्ट नावाच्या विद्वानाने १७८४ च्या सुमारास आपल्या गावच्या दप्तरातले मोजके खटले घेतले, त्यावरून शतकाचा दर काढला, तो दर अख्ख्या युरोपच्या लोकसंख्येला आणि बऱ्याच शतकांना लावला. उत्तर आलं ९४,४२,९९४. एकक-दशकापर्यंत अचूक! गृहस्थाचा हेतू अंधश्रद्धेशी लढण्याचाच होता. पण पुढे हा आकडा पोपच्या विरोधकांनी वापरला, स्त्रीमुक्तीच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांनी वापरला आणि नाझींनीही वापरला. नाझींचा बडा नेता हिमलर याने तर चर्चने ‘जर्मन रक्ताच्या’ स्त्रिया मारल्या हे सिद्ध करण्यासाठी खास पथक नेमून हजारो खटल्यांची कार्डं तयार करवून घेतली. दप्तरं प्रत्यक्ष तपासणारे आजचे इतिहासकार साधारण एक लाख खटले आणि ४० ते ६० हजार मृत्युदंड एवढ्यावर येऊन थांबतात. यावर कोणी विचारेल, जळणाऱ्या बाईला ९० लाख काय आणि ५० हजार काय? तिला फरक पडत नाही हे खरंच. आपल्याला पडतो. ९० लाख म्हटलं की ते प्लेगच्या साथीसारखं वाटतं, कोणाचाच हात नसलेलं. ५० हजार मृत्यूंना तारखा आहेत, न्यायाधीशांची नावं आहेत, सरपणाची बिलं आहेत.

काळाची चूकही अशीच कोणाच्या तरी लेखणीतून आली. १८२९ मध्ये लामोत-लांगोन या फ्रेंच लेखकाने इन्क्विझिशनचा इतिहास लिहिला आणि त्यात चौदाव्या शतकात तुलूझ व कार्कासोनमध्ये शेकडो चेटकिणी जाळल्याची सविस्तर कागदपत्रं दिली. ती त्याने स्वतःच रचलेली होती. दीडशे वर्षं अभ्यासक त्यावर विसंबून राहिले; १९७० च्या दशकात नॉर्मन कोन आणि रिचर्ड कीकहेफर यांनी स्वतंत्रपणे ती बनावट ठरवली. ती कागदपत्रं बाजूला काढल्यावर जे उरतं ते असं, की शिकारीचा कळस साधारण १५६० ते १६५० या काळात आहे. म्हणजे शेक्सपिअर, गॅलिलिओ आणि देकार्तच्या काळात. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणाऱ्या योहान्नेस केप्लरची आई काथारिना हिच्यावर १६१५ मध्ये चेटकाचा आरोप आला, म्हातारपणी ती साखळदंडात चौदा महिने राहिली, आणि केप्लरला ग्रहांचं गणित ठेवून तिचा बचाव लिहीत बसावं लागलं. १६२१ मध्ये ती सुटली. हा खटला चालला तो लुथरपंथी व्युर्टेम्बेर्गमध्ये. तिथे पोपचा काडीचाही अधिकार नव्हता. विज्ञान आलं आणि सरणं विझली म्हणणाऱ्यांनी या एका घराचा तरी हिशेब द्यावा.

मग खरं मध्ययुग काय करत होतं? फ्रँकांचा राजा शार्लमेन याने जिंकलेल्या सॅक्सन टोळ्यांवर आठव्या शतकाच्या अखेरीस जे कायदे लादले, त्यांत एक कलम आहे: सैतानाच्या फसवणुकीमुळे, मूर्तिपूजकांच्या रीतीप्रमाणे, एखाद्या स्त्रीला वा पुरुषाला माणसं खाणारी चेटकी समजून जो जाळेल, त्यालाच मृत्युदंड. शिक्षा आरोप करून जाळणाऱ्याला. नवव्या शतकाच्या सुरुवातीला लिऑंचे बिशप आगोबार्ड यांच्यापुढे लोकांनी चार माणसं बांधून आणली. ढगांतून जहाजं येतात, वादळात झडलेलं धान्य घेऊन जातात आणि ही चौघं त्या जहाजांतून खाली पडली, म्हणून त्यांना दगडांनी ठेचायचं असा बेत होता. आगोबार्डने त्यांची सुटका केली आणि गारपीट मंत्राने पाडता येते या समजुतीविरुद्ध पुस्तिका लिहिली. १०८० मध्ये पोप सातवे ग्रेगरी यांनी डेन्मार्कच्या राजाला लिहिलं, की वादळं आणि रोगराई यांचं खापर स्त्रियांवर फोडू नका. दहाव्या शतकापासून धर्मकायद्यात असलेला ‘कानोन एपिस्कोपी’ हा उतारा सांगत होता, की रात्री देवीबरोबर जनावरांवर बसून उडतो असं समजणाऱ्या बायका सैतानाने दाखवलेली स्वप्नं खरी धरून चालतात. बाराव्या शतकात ग्रेशियनने तो आपल्या धर्मकायद्याच्या संग्रहात घेतला, म्हणजे तो युरोपभर विद्यार्थ्यांना शिकवला जाऊ लागला.

याचा अर्थ जुनं चर्च दयाळू होतं असा मी काढत नाही, आणि चर्चच्या वकिलांनीही काढू नये. उडणाऱ्या बाईला ते खोटारडी, भ्रमिष्ट आणि पापी समजत होतं, प्रायश्चित्तं देत होतं, हाकलून लावत होतं. पण ज्या संस्थेला पाचशे-सहाशे वर्षं माहीत होतं की हे उड्डाण घडतच नाही, तिच्याच पंडितांनी पुढे ते घडतं असं का ठरवलं? अज्ञान हे उत्तर इथे चालत नाही. ज्ञान होतं, लिहून ठेवलेलं होतं, अभ्यासक्रमात होतं. ते बाजूला सारायला मेहनत घ्यावी लागली.

ती मेहनत दोन वाटांनी झाली. पहिली वाट न्यायपद्धतीची. जुन्या रीतीत फिर्याद सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादीवर असे, आणि ती फसली तर शिक्षा त्यालाच होण्याची भीती असे; शेजारणीवर चेटकाचा आळ घेणं त्यामुळे परवडत नसे. १२१५ च्या लॅटेरन परिषदेने धर्मगुरूंना ‘दिव्य’ करायला लावणाऱ्या कसोट्यांत भाग घ्यायला मनाई केली. तापलेलं लोखंड, पाण्यात बुडवणं हे हळूहळू मागे पडलं आणि न्यायाधीश स्वतः चौकशी करील ही पद्धत रूढ झाली. हे पाऊल पुढचंच होतं, याबद्दल शंका नाही. नव्या पद्धतीत पूर्ण पुरावा म्हणजे दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा आरोपीची कबुली. गुपचूप केलेल्या चेटकाला साक्षीदार कुठून येणार? म्हणजे कबुली हवी. आणि १२५२ मध्ये पोप चौथे इनोसंट यांनी पाखंड्यांकडून, म्हणजे चर्चची शिकवण नाकारणाऱ्यांकडून, कबुली काढण्यासाठी छळाला परवानगी देऊन ठेवली होती. तरीही १२५८ मध्ये चौथे अलेक्झांडर यांनी इन्क्विझिटरांना बजावलं, की पाखंडाचा उघड वास येत नसेल तर चेटकाच्या भानगडीत पडू नका. त्या एका अटीत सगळी सुरक्षितता होती.

दुसऱ्या वाटेने ती अट गेली. चेटूक हेच पाखंड आहे, ते एकटीदुकटीचं काम नसून सैतानाशी करार केलेल्यांचा छुपा पंथ आहे, त्यांच्या रात्री सभा भरतात, तिथे ख्रिस्त नाकारला जातो आणि लेकरं खाल्ली जातात, ही कल्पना १४२८ च्या स्वित्झर्लंडमधल्या व्हॅलेतल्या खटल्यांच्या आसपास आणि १४३० च्या दशकात बाझेलच्या धर्मपरिषदेच्या वर्तुळात आकाराला आली. रात्री जमणारे, लेकरं खाणारे हे आरोप आधी ज्यूंवर आणि पाखंडी पंथांवर झालेलेच होते. आता ते शेजारच्या म्हातारीला लावता येऊ लागले. खेड्यात भांडण एवढंच असतं, की हिची नजर लागली आणि म्हैस आटली. त्या भांडणात सैतानाचा जागतिक कट कोणत्याही शेतकऱ्याने घुसवला नाही. तो लॅटिन येणाऱ्यांनी घुसवला.

हाइन्रिश क्रामर या इन्क्विझिटरचं प्रकरण यात बोलकं आहे. जर्मन प्रांतांतले धर्मगुरू आपल्याला सहकार्य करत नाहीत अशी तक्रार करून त्याने ५ डिसेंबर १४८४ ला पोप आठवे इनोसंट यांच्याकडून अधिकारपत्र मिळवलं. १४८५ मध्ये इन्सब्रुकला त्याने खटला भरला. आरोपींतली हेलेना शॉयबेरिन त्याला भर रस्त्यात शिव्या देणारी, त्याच्या प्रवचनांना जाऊ नका म्हणणारी बाई होती. क्रामर तिच्या शरीरसंबंधांबद्दल प्रश्न विचारू लागला तेव्हा बिशपच्या प्रतिनिधीने हरकत घेतली, वकिलाने कार्यपद्धतीतल्या चुका दाखवून खटला रद्द करवला, बायका सुटल्या. ब्रिक्सेनचे बिशप गेओर्ग गोल्सर यांनी या म्हाताऱ्याला बुद्धिभ्रंश झाला आहे असं मत नोंदवून त्याला निघून जायला सांगितलं. चर्चची बाजू घेणारे इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, बिशपनेच रोखलं. पण गोष्ट इथे संपत नाही. अपमान गिळून क्रामरने ‘मालेउस मालेफिकारुम’ (चेटकिणींचा हातोडा) हा ग्रंथ लिहिला, पुढे पोपचं अधिकारपत्र जोडलं, आणि १४८६ च्या सुमारास तो छापखान्यातून बाहेर पडला. गोल्सरचं मत पत्रात राहिलं, क्रामरचं पुस्तक आवृत्त्यांवर आवृत्त्या काढत राहिलं. आणि रोमने ते अधिकारपत्र कधी जाहीरपणे मागे घेतलं?

छळातून काढलेली कबुली आणि छुप्या पंथाची कल्पना, ही दोन यंत्रं एकत्र चालली की काय होतं ते जर्मनीतल्या बांबेर्गमध्ये दिसतं. तिथला राजाही बिशपच होता, त्यामुळे धर्मसत्ता आणि राजसत्ता असा वाद घालायला जागाच नाही. १६२६ ते १६३१ मध्ये शेकडो माणसं मारली गेली. खास तुरुंग बांधला गेला. राज्याचा चान्सेलर गेओर्ग हान आरोपींशी सौम्य वागतो म्हणून संशयित ठरला, आणि बायको-मुलीसह मारला गेला. शहराचा महापौर योहान्नेस युनियुस याने २४ जुलै १६२८ ला मुलीला चोरून पत्र लिहिलं. बोटांना चाप लावून चेचलेल्या हातांनी त्याने लिहिलं, की या कोठडीत जो येतो त्याला चेटक्या व्हावंच लागतं, नाहीतर काहीतरी डोक्यातून रचेपर्यंत छळ चालू राहतो. हात मागे बांधून त्याला वर टांगून खाली सोडत. शेवटी जल्लादानेच विनवलं, की देवाच्या नावाने काहीतरी कबूल करा. त्याने कबूल केलं. मग प्रश्न आला, सभेत आणखी कोण होतं? माहीत नाही म्हटल्यावर त्याला शहरातली एकेक गल्ली घेऊन नावं सांगायला लावलं. खेड्यातल्या नजर लागण्यात एकच बाई अडकते. सभा मानली की प्रत्येक कबुलीतून दहा नवे आरोपी निघतात, आणि प्रत्येक नवी कबुली जुन्या कबुलीचा पुरावा होते. चेटूक हा अपवादात्मक गुन्हा आहे, इथे नेहमीचे नियम लावायचे नाहीत, हे कायदेपंडितांनी आधीच ठरवून दिलं होतं. फ्रीडरिश स्पी या जेझुइट पंथाच्या पाद्र्याने १६३१ मध्ये नाव न घालता पुस्तक छापलं आणि सांगितलं, की याच रीतीने धर्माधिकाऱ्यांना, न्यायाधीशांना किंवा मला छळा, आम्ही सगळे चेटके निघू.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा, आणि तो खरंच भक्कम आहे. बहुतेक मृत्युदंड राजसत्तेच्या आणि स्थानिक न्यायालयांनी दिले. प्रॉटेस्टंट मुलखांनी कॅथलिकांच्या बरोबरीने जाळलं. आणि ज्या स्पॅनिश इन्क्विझिशनच्या नावाने आपण बोटं मोडतो, त्याने ही शिकार थांबवली. १६१० च्या नोव्हेंबरात लोग्रोन्योला सुगारामुर्दी भागातल्या सहा जणांना जाळण्यात आलं, तुरुंगात मेलेल्या पाच जणांचे पुतळे जाळले. तीन न्यायाधीशांपैकी आलोन्सो दे सालाझार फ्रियास याला पुरावा पटला नव्हता. पुढच्या वर्षी तो क्षमापत्र घेऊन डोंगराळ नावारात गावोगाव फिरला. १८०२ जण त्याच्यापुढे आले, त्यांतली १३८४ मुलं. सालाझारने साधी कामं केली. सभेची जागा कोणती, हे प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, जागा जुळेनात. ज्या रात्री सभा भरली असं मुलं सांगत होती, त्या रात्री त्याची माणसं तिथेच होती, त्यांना कोणी दिसलं नाही. विषारी म्हणून आणलेली मलमं वैद्यांकडून आणि जनावरांवर तपासून घेतली. काही झालं नाही. त्याचा निष्कर्ष असा, की चेटकिणींबद्दल बोलणं-लिहिणं सुरू होईपर्यंत तिथे ना चेटकिणी होत्या, ना चेटूक झालेले. १६१४ मध्ये इन्क्विझिशनच्या माद्रिदमधल्या मंडळाने त्याप्रमाणे नवे नियम काढले. नेमक्या त्याच सुमारास कॅटलोनियात, तोच धर्म, तोच राजा, पण गावोगावची जमीनदारी न्यायालयं शेकडो बायकांना फासावर चढवत होती.

हे सगळं मान्य. पण यातून चर्च निर्दोष ठरतं का? सालाझारला सैतानावर शंका नव्हती. त्याने फक्त पुरावा मागितला. म्हणजे तोच धर्म मानून, तेच पद भूषवून, तोच झगा घालून पुरावा मागता येत होता. मग बांबेर्गच्या बिशपला कोणी अडवलं होतं? राजाने जाळलं, चर्चने नाही, ही वाटणी कागदावर ठीक दिसते. इन्क्विझिशन नेहमीच दोषी माणसाला राजाच्या हाती सोपवून आपले हात कोरडे ठेवत असे. स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डीचा १६३३ चा हिशेब आजही वाचायला मिळतो. विल्यम कोक आणि ॲलिसन डिक यांना जाळायला कोळसा, डांबराचं पिंप आणि दोर लागला. खर्चाचा एक हिस्सा चर्चच्या मंडळाने उचलला, एक गावाने. आपल्या वादातल्या दोन्ही बाजूंची समजूत त्या हिशेबनिसाने तेव्हाच घातली होती. आणि इन्क्विझिशन चेटकाबाबत सावध होतं म्हणून ते सहिष्णू होतं असंही नाही. त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. गोव्यात १५६० ते १८१२, मधली काही वर्षं वगळता, हीच संस्था होती. तिथे तिला बाटलेल्या ज्यूंचे आणि नवख्रिस्ती गोवेकरांचे जुने आचार खुपत होते. १७३६ च्या फर्मानात तुळस लावणं, मिठाशिवाय भात शिजवणं, लग्नातली गाणी, घरात चोळी-धोतर या सगळ्यावर बंदी आहे. पुराव्याची काटेकोर चाळणी जिला जमत होती त्या संस्थेने ती कुठे वापरायची आणि कुठे नाही हे निवडलं, हा तिच्यावरचा जास्त जड आरोप आहे.

बायकांचा प्रश्न मी थोडक्यात घेतो, कारण त्यात वाद कमी आहे. बळींत स्त्रियांचं प्रमाण साधारण ७५ ते ८० टक्के होतं, आणि क्रामरच्या पुस्तकात स्त्रीद्वेष पानापानांवर आहे. पण ही शिकार म्हणजे वैद्यकीय ज्ञान असलेल्या सुईणींना संपवण्याचा डाव होता ही १९७० च्या दशकात गाजलेली मांडणी दप्तरांत टिकत नाही. आणि आइसलँडमध्ये जाळलेल्या २१ जणांत एकच स्त्री होती. स्त्री असणं हे मोठं कारण होतं, एकमेव नव्हतं.

उरतो तो प्रबोधनवाद्यांचा आवडता युक्तिवाद: शिक्षण वाढवा, अंधश्रद्धा जाईल. १५६३ मध्ये योहान वेयर या वैद्याने लिहिलं, की या बायका आजारी आहेत, गुन्हेगार नव्हेत. १५८० मध्ये त्याला सडकून उत्तर देणारा आणि वेयरवरच संशय घेणारा माणूस होता जाँ बोदँ, सार्वभौमत्वाच्या कल्पनेसाठी आज राज्यशास्त्राचे विद्यार्थी ज्याला वाचतात तो. चेटकावरची श्रद्धा सगळ्या जगात, सगळ्या काळात आहे. सातपुड्यात आजही बाईला डाकीण ठरवतात. श्रद्धेने खून होतात. हजारोंच्या शिकारीसाठी तिच्यावर सिद्धांत चढवावा लागतो आणि न्यायालयाने तो मान्य करावा लागतो. म्हणून महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं कलम भोंदू बाबांबद्दलचं नाही. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावराचं दूध आटवते, ती सैतान आहे, असा समज पसरवणाऱ्याला ते गुन्हेगार धरतं, आणि सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा देतं. सॅक्सनांवरच्या त्या बाराशे वर्षांपूर्वीच्या कलमात शिक्षेची दिशा हीच होती. या कायद्याला वर्षानुवर्षं खोळंबावं लागलं आणि तो निघाला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. मधल्या काळात तो अडवून धरणारे लोक वर्तमानपत्रांत लेख लिहीत होते, विधिमंडळात मुद्देसूद भाषणं करत होते.